उजवीकडचा खिसा

९ नोव्हेंबर

वहिनी,

फोन करू नका असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून आधी राग आला. मग कारण वाचलं आणि राग गेला. फोनवर माझा आवाज ऐकला की आई मला घरभर शोधते, पलंगाखालीसुद्धा हात घालून बघते, हे मला माहीत नव्हतं. ठीक आहे, पत्रं तर पत्रं. शाळेत माझे निबंध दादा लिहून द्यायचा, त्यामुळे माझ्या लिहिण्याला तुम्ही हसणार हे उघड आहे. हसा.

कारखान्याच्या क्वार्टर्सची ती सगळी ओळ पाडली, हे कधीतरी होणारच होतं. बाबा गेल्यावरही आईला तिथे इतकी वर्षं राहू दिलं हेच नवल. पण तुमच्याकडे येऊन इतके दिवस झाले तरी ती रोज सकाळी उठून ‘मला घरी सोडा’ म्हणते, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही. काचबिंदूनं डोळे गेले, आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. त्यात आठवणीही अशा निसटायला लागलेल्या. तिनं धरायचं तरी कशाला?

मला एक सुचलंय. सोबतची गुंडाळी उघडून बघा. दादा गेल्याच्या पुढच्या वर्षी मी आलो होतो, तेव्हा त्या ओळीतल्या घरांचे फोटो काढले होते, त्यातला हा ‘मागची खोली’. लोक मला ओळखतात ते याच एका फोटोमुळे. आईनं उभा जन्म जिथे बसून लोकांचे कपडे शिवले, ती ही खोली. पलंग, आच्छादन घातलेलं शिलाई मशीन, कपाट, खुंटीवर दादाचा शर्ट, सगळं जिथल्या तिथे. सामान तुमच्याकडे आलेलंच आहे. फोटो समोर ठेवा आणि एक खोली अगदी अशीच लावा. तिला दिसणार नाही, पण हातांना कळेल. आपण घरी आहोत असं तिला वाटलं की पुरे.

आणि एक विनंती. आई जे जे बोलेल ते मला तिच्याच शब्दांत लिहून कळवत जा. पुढच्या प्रदर्शनाचं नाव ‘राहती जागा’ ठरतंय. माणूस, त्याची जागा, त्याच्या आठवणी असं सगळं त्यात असेल. तुम्ही म्हणाल, आला हा शेवटी आपल्या मुद्द्यावर. तसं म्हणा.

धाकटा


२४ नोव्हेंबर

भावजी,

निबंध बरा होता. दहापैकी सहा. दोन गुण अक्षराचे कापले आणि दोन तुम्ही स्वतः येण्याचं एका ओळीतही लिहिलं नाहीत त्याचे.

खोली लावली. रविवारी सुतार आला, त्यानं खुंट्या ठोकल्या. औषधांच्या दुकानातून मी रजा घेतली आणि आईंच्या सोबतीला येणाऱ्या बाईंना हाताशी घेऊन सामान हलवलं. फोटो दाराला टाचून ठेवला होता. बाई म्हणाल्या, एवढा मोठा फोटो आणि त्यात माणूस एकही नाही, कॅमेरा वाया घालवला म्हणायचा. तुमच्या कानावर घालते, म्हणजे पुढच्या वेळी सुधारणा होईल.

खरं तर मला आईंना माझी खोली द्यायची होती. मोठी आहे, हवेशीर आहे. पण तिची खिडकी आत शिरल्यावर उजव्या हाताला येते. पलीकडची छोटी खोली मात्र तुमच्या फोटोवर बेतून बांधल्यासारखी निघाली. दारातून आत गेलं की डावीकडे खिडकी, तिच्याखाली मशीन, उजवीकडे भिंतीला लागून पलंग, समोर कपाट. मग तीच घेतली. गंमत सांगू? मला अगदी पक्कं वाटत होतं की आईंचं मशीन उजव्या हाताला होतं. पण मी तिथे येऊन जाऊन दोन दिवसांची पाहुणी. पुढची खोली आणि स्वयंपाकघर एवढंच माझं राज्य. मागच्या खोलीत टाचण्या सांडलेल्या असायच्या म्हणून आई कुणाला अनवाणी येऊ द्यायच्या नाहीत. सामान आणायला गेले त्या दिवशी तर सगळी खोली खोक्यांनी भरलेली. तेव्हा फोटोपुढे माझं काय चालणार! बाईंना म्हटलंसुद्धा, आईंच्या आधी माझंच डोकं जायला लागलं.

सगळं झाल्यावर आईंना हाताला धरून आत नेलं. त्यांनी एकेक वस्तू चाचपली. मशीनवरचं आच्छादन काढून चाकावर हात फिरवला, उशी दाबून बघितली, कपाटाची कडी वाजवली. शेवटी पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, “सामान माझं आहे. घर कुणाचं?”

तुम्ही सांगितलंत म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिलं.

शर्टाचं तेवढं मला सांगू नका. ह्यांचा तो शर्ट सामानाबरोबर आला, तो आता माझ्या कपाटात आहे आणि तिथेच राहील. फोटोत टांगलेला दिसतो तेवढा बास झाला.

वहिनी


६ डिसेंबर

वहिनी,

‘सामान माझं आहे. घर कुणाचं?’ हे वाचून मी खुर्चीतून उठलो. आम्ही फोटो काढणारे आयुष्यभर ज्याच्या मागे धावतो, ते आईनं सहज, पलंगावर बसता बसता बोलून टाकलं. प्रदर्शनाचं दालन चालवणाऱ्या बाईंना वाचून दाखवलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे वाक्य भिंतीवर जाणार, हे ठरलं.

शर्टाबद्दल लिहिलं ते चुकलंच. पुन्हा नाही लिहिणार.

आता थोडा धीर धरा. आठवण जायला लागली की माणसाला सगळ्यात आधी जागा परकी वाटते, असं मी वाचलंय. खोली बरोबर आहे, आईच तिच्यापासून लांब जात चालली आहे. म्हणून खोलीनं तरी जागच्या जागी थांबायला हवं. रोज त्याच वस्तू त्याच ठिकाणी हाताला लागल्या की हळूहळू तिची तिला वाट सापडेल. तेव्हा काहीही झालं तरी बोटभरसुद्धा हलवू नका.

फोटोत माणूस नाही हे तुमच्या बाईंना खटकलं, हे मी मनावर घेतलंय. त्यांना सांगा, माणूस आहे, फक्त उठून आत गेलाय.

आणखी काय म्हणते आई? बारीकसारीकही लिहा.

धाकटा


२९ डिसेंबर

भावजी,

बारीकसारीक लिहा म्हणालात ना, घ्या मग.

आईंच्या कपाळाला टेंगूळ आलंय. सकाळी उठून बाहेर जायला निघाल्या आणि सरळ कपाटावर आदळल्या. हे तिसऱ्यांदा झालं. पलंगावर उठून बसतात, पाय खाली सोडतात आणि उजवीकडे वळतात. दार डावीकडे आहे. मी रोज हात धरून सांगते, आई, दार इकडे. ‘हो गं’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उजवीकडे. आडव्या पडल्या की उजवा हात लांब करून हवेत काहीतरी शोधतात. हाताला भिंत लागते. मग तो हात तसाच भिंतीवर ठेवून पडून राहतात.

काल त्यांनी मला जवळ बसवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “कुणीतरी घर फिरवलंय का गं?” मी म्हटलं, घर कसं फिरवतील आई, घर काय गिरणीचं जातं आहे? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “सकाळचा उजेड माझ्या उजव्या गालावर यायचा. आता पाठीमागच्या कुणाच्या तरी घरात पडतो.” नंतर मी चिडले. दुकानात दिवसभर उभं राहायचं, घरी आल्यावर हे. ‘तुमचंच खरं करायचं असेल तर करा’ असं तोंडातून गेलं. लगेच वाईट वाटलं, पण बोलून बसले होते.

भावजी, एक विचारते, हसू नका. तुम्ही त्या घरात लहानाचे मोठे झालात. मला काही ते घर पाठ नाही. तुम्ही एकदा फोटो बाजूला ठेवा, शांत बसा आणि आठवून सांगा. पलंग नक्की याच बाजूला होता ना? ह्यांना विचारलं असतं, पण ते विचारायच्या पलीकडे गेले. आता ते घर माहीत असलेले तुम्ही एकटेच उरलात.

वहिनी


१० जानेवारी

वहिनी,

हसलो नाही. तुमचं पत्र वाचल्या वाचल्या डोळे मिटून बसलो आणि खोलीच्या दारात उभा राहिलो. डावीकडे खिडकी, मशीनच्या आच्छादनावर उजेडाची तिरकी पट्टी. उजवीकडे पलंग. समोर कपाट, त्याच्या शेजारच्या खुंटीवर दादाचा शर्ट. मला जमिनीवरची टाचणीसुद्धा दिसते वहिनी. माझ्या मनात काडीचीही शंका नाही. आणि मी चुकेन एकवेळ, पण फोटो कसा चुकेल? कॅमेऱ्याला काही विसरण्याचा आजार नसतो.

आईचं असं होणार हे आपण धरून चालायला हवं. तिच्या मनात आता दुसरंच घर तयार झालंय. बाबांना नोकरीच्या सुरुवातीला मिळालेलं क्वार्टर असेल किंवा तिच्या माहेरचं असेल. ती त्या घरात चालते आणि आदळते मात्र तुमच्या कपाटावर. मी इथल्या एका डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, रुग्णाच्या भ्रमाला दुजोरा देऊ नये, गोंधळ वाढतो. प्रेमानं पण ठामपणे सांगायचं. तेव्हा तिनं पुन्हा विचारलं तर स्पष्ट सांगा, की घर बरोबर आहे आणि तुमची चूक होते आहे. धाकट्यानं सांगितलंय म्हणा. माझं ऐकेल ती.

तुमच्यावर सगळं पडलंय हे मला कळतं. दालनात भिंतभर आकारात ‘मागची खोली’ लागणार आहे आणि खाली एकच ओळ, ‘कुणीतरी घर फिरवलंय का?’ आधीच्या वाक्यापेक्षा हे जास्त धारदार आहे. आईला ऐकवा, तिला बरं वाटेल.

धाकटा


४ फेब्रुवारी

भावजी,

आई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हृदय अशक्त आहे म्हणून ऑपरेशन करता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून घरी आणलंय. आता त्या उठणार नाहीत.

तुम्ही लिहिलंत तसं मी सांगितलं होतं. ठामपणे सांगितलं. धाकटे भावजी म्हणतात घर बरोबर आहे, तुमचं चुकतंय. मग म्हणाल्या, “धाकटा म्हणतो ना, मग माझंच चुकत असेल.” त्यानंतर त्यांनी घराबद्दल काही म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं, सुटलो.

पण भावजी, त्या दिवसापासून त्यांचा हातांवरचा विश्वासच उडाला. पाण्याचं भांडं उचलायच्या आधी विचारायच्या, हे भांडंच आहे ना? दिसत नसताना सुईत दोरा ओवणारी बाई ती. आधी निदान चुकीच्या बाजूला का होईना, ताठ चालत जायच्या. नंतर एकेक पाऊल घाबरत टाकायला लागल्या. पडल्या त्या सकाळी मी स्वयंपाकघरात होते. त्या उठल्या, उजवीकडे वळल्या, मग आपलं चुकतंय हे आठवलं असावं, मध्येच थांबून गर्रकन उलट्या फिरल्या आणि तोल गेला. पडल्यावर मला हाक मारली नाही. मी आवाज ऐकून धावत गेले तर जमिनीवरून मलाच म्हणतात, “रागावू नकोस गं, पुन्हा विसरले.”

तुमचं वाक्य मी त्यांना ऐकवलेलं नाही.

वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

दादा गेला तेव्हाही तुम्ही एकट्या होतात आणि आताही तेच. प्रदर्शन तीन मार्चला संपतं, की लगेच निघतो. तिकिटाचं बघतोय. मध्येच सोडून येता आलं असतं तर आलो असतो, पण रोज लोक भेटायला येतात आणि दालनाच्या बाई मला हलू देत नाहीत.

सोबत प्रदर्शनाचं पुस्तक पाठवतोय. मुखपृष्ठावर आपली खोली आहे. आईच्या उशाशी ठेवा. तिला सांगा, तुझी खोली बघायला रांग लागते.

ती मला शोधते का अजून?

धाकटा


२ मार्च

भावजी,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. आता त्या तुम्हाला शोधत नाहीत. ह्यांना शोधतात. गेल्या आठवड्यात म्हणाल्या, थोरल्याचा शर्ट दे. मी कपाटातून काढून दिला. त्यांनी तो अंगावर पसरला, कॉलरच्या शिवणीवरून बोट फिरवलं, गुंड्या मोजल्यासारख्या दाबल्या, मग खिशात हात घातला आणि तसाच ठेवून झोपल्या. झोप लागल्यावर मी तो हळूच काढून घेतला आणि म्हटलं, आता ठेवू या खुंटीवरच, त्यांच्या जवळ राहील. कुठली खुंटी ते बघायला दारावरच्या फोटोपाशी गेले.

इतके दिवस तो फोटो रोज डोळ्यांसमोर आहे, पण शर्टाकडे मी बघितलं नव्हतं. बघवत नव्हतं. खोली लावताना तेवढ्या भागावर तळहात ठेवून बाकीचं बघायचे. त्या दिवशी हात काढला.

भावजी, फोटोतल्या शर्टाला खिसा उजवीकडे आहे.

हा शर्ट आईंनी शिवला आणि पुढे सगळी वर्षं मी धुतला. खिसा डावीकडे आहे. खिशाच्या तळाला ह्यांच्या पेनाचा शाईचा डाग आहे, जो मी लिंबू लावलं, साबण लावला तरी गेला नाही आणि आता जाऊ नये म्हणून मी तो शर्ट धुतच नाही. तोच डाग तुमच्या फोटोत उजव्या छातीवर आहे. तुमच्या दादांचा खिसा उजवीकडे कधी होता, सांगा मला.

मी फोटो दारावरून काढला आणि आरशासमोर धरला. आरशात खिसा डावीकडे आला. मशीन उजव्या हाताला गेलं, पलंग डाव्या हाताला. मला आधी वाटलं होतं अगदी तसं. आरशातली खोली मी सोबतीच्या बाईंनाही दाखवली.

मग मी माझी खोली रिकामी केली. खिडकी उजवीकडे असलेली. बाई, मी आणि वरच्या मजल्यावरचे दोघं, सगळ्यांनी मिळून सामान हलवलं. शेवटी आईंना चादरीसकट उचलून आणलं. मी काही बोलले नाही. त्या जरा वेळ पडून राहिल्या. मग सवयीनं उजवा हात लांब केला. मशीनचं चाक हाताला लागलं. त्यांनी ते थोडं फिरवलं, मागे घेतलं, पुन्हा फिरवलं. खिडकीतून ऊन आलं होतं, उजव्या गालावर.

म्हणाल्या, “आले का गं मी घरी?”

मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे माझं चुकत नव्हतं.”

हे तुम्ही कुठल्याही भिंतीवर लावायचं नाही. तुमचं पुस्तक मी उशाशी ठेवलेलं नाही. पहिल्या पानावर त्या माउलीचा प्रश्न छापलात आणि वर तिचंच घर उलटं टांगलंत. तुम्हाला हे माहीत होतं का, एवढंच मला कळवा. माहीत असून लिहिलं नसेल तर या घराची पायरी चढू नका. माहीत नव्हतं म्हणत असाल, तर कसं नव्हतं ते सांगा.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

माहीत होतं. आणि माहीत नव्हतंही. पळवाट काढत नाही, वाचा.

त्या फोटोत उजेड उजवीकडून येत होता. छापून बघितलं तर नजर खोलीत शिरायच्या आधीच खिडकीतून बाहेर निसटायची. चित्र उभंच राहीना. म्हणून निगेटिव्ह पालथी घातली आणि पुन्हा छापलं. उजेड डावीकडून आला आणि खोली एकदम बोलायला लागली. आमच्या कामात असं करतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं फोटो काढतानाच उतरवून ठेवलं होतं, त्यामुळे उलटी अक्षरं आली नाहीत. नंतर ते चित्र मी इतक्या भिंतींवर, इतक्या पुस्तकांत बघितलं की उलटं केल्याचं पार विसरून गेलो. तुम्ही आठवून बघा म्हणालात, तेव्हा मी खरंच आठवून बघितलं होतं. मला आठवलं ते चित्र.

तुमचं पत्र आल्यावर पुन्हा डोळे मिटून बसलो. आता मला ठाऊक आहे की मशीन उजवीकडे होतं. तरी डावीकडेच दिसतं. मी त्या मशीनच्या पायडलवर बसून खेळलोय वहिनी, दादाशी तिथे भांडलोय, आणि ते कुठल्या बाजूला होतं ते मला दिसत नाही. खरी खोली माझ्याकडे नाही. घर पाडलं, दादा गेला, आई अशी. लोक मला येऊन सांगतात, तुमच्यामुळे आम्हाला आमची घरं आठवली.

प्रदर्शन लोकांच्या आग्रहानं आणखी महिनाभर वाढवलंय. मी दालनात जाऊन चित्र उतरवा म्हणालो. बाईंनी विचारलं, का? मला सांगता आलं नाही. ते अजून तिथेच आहे. उद्या पुन्हा जातो.

आईला सांगू नका. मी येऊन तिच्या पायावर डोकं ठेवून सांगेन. सोमवारचं तिकीट काढलंय. तोवर एक कराल? दारातून आत गेल्यावर काय काय कुठे आहे ते मला सावकाश लिहून पाठवाल? अगदी साधं, डावीकडे काय, उजवीकडे काय. वाचून पाठ करीन.

धाकटा


१४ मार्च

भावजी,

आई आज पहाटे गेल्या. तुमचं पत्र दुपारी आलं. सोमवारचं तिकीट बदलायची घाई करू नका, तुमच्यासाठी थांबता आलं नाही. वरच्या मजल्यावरच्या दोघांनी सगळं केलं. सकाळी दालनात फोन केला होता, तुम्ही आला नव्हतात. हे पत्र टाकते आहे, तुमच्या आधी पोचतं की नंतर, बघू.

त्रास झाला नाही. हात चाकावर होता. मी तो काढला तेव्हा चाक जरासं फिरलं आणि मला क्षणभर वाटलं, उठल्या.

खोली लिहून मागितलीत. लिहिणार नाही. मी लिहिलं की तुम्ही ते पाठ कराल आणि मग तुम्हाला माझी अक्षरं आठवतील. खोली आहे तशी ठेवली आहे. आलात की चपला बाहेर काढा, डोळे मिटा आणि आत जा. कॅमेरा आणू नका. टाचणी टोचली तर टोचू दे, बसल्या बसल्या त्यांनी एक-दोन सांडून ठेवल्याच आहेत.

एक गोष्ट मात्र मला सांगायलाच हवी. पायावर डोकं ठेवून सांगेन असं तुम्ही लिहिलंत म्हणून.

खोली बदलल्यावर दुसऱ्या दिवशी आईंनी विचारलं होतं, “मग तेव्हा कुणी फिरवलं होतं गं?” अगदी शुद्धीत होत्या. मी काय सांगणार होते? शेवटच्या दिवसांत धाकट्याचं काही मनात घेऊन जाऊ नये त्यांनी, असं वाटलं. तुम्हाला वाचवायला नव्हे, हे लक्षात ठेवा. मी म्हटलं, आई, माझ्या हातून झालं, सामान लावताना माझी बाजू चुकली. मग माझा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, “लागते कधीतरी उलटी बाही. मीसुद्धा लावली आहे. उसवायची आणि पुन्हा लावायची, त्यात रडायचं काय?” मी रडत होते हे त्यांना हातावरून कळलं. माझ्या केसांवरून हात फिरवला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

भावजी, ती माफी तुमची होती. त्या ती मला देऊन गेल्या. दुसरी मागायला आता कुणी नाही आणि ही मला तुम्हाला देता येत नाही, मी प्रयत्न करून बघितला.

या. दार उघडंच असेल.

वहिनी